नजरबंदी : ऑगमेंटेड रिॲलिटीचा सामाजिक इतिहास

मी उर्दू आणि मराठी या दोन भाषा शिकवते. दोन्ही भाषांत राहणारे पण दोन्हीकडे वेगळे वागणारे काही शब्द आहेत. ‘नजरबंदी’ हा त्यातला एक. मराठीत नजरबंदी म्हटले की गारुडी, मदारी, जादूगार आठवतो. बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर भूल पडते, नसलेले दिसू लागते, ती नजरबंदी. उर्दूत ‘नजरबंद’ म्हणजे पहाऱ्यात ठेवलेला माणूस. मराठीत आपण त्याला नजरकैद म्हणतो. नजर अरबीतून आली, बंद फारसीतून आला. दोघांनी मिळून एकीकडे तमाशा उभा केला आणि दुसरीकडे कैदखाना.

ऑगमेंटेड रिॲलिटी या तंत्रज्ञानाबद्दल लिहायला बसले तेव्हा मला या शब्दाचे दोन्ही अर्थ हवे होते. समोरच्या खऱ्या दृश्यावर मोबाइलच्या पडद्यातून किंवा चष्म्यातून एखादे कृत्रिम चित्र, अक्षर, खूण बसवायची, ती जणू तिथेच आहे असे दाखवायचे, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी. मराठीत कुणी याला वर्धित वास्तव म्हणतात. आभासी वास्तवात, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीत, आपण खरे जग सोडून दुसऱ्या जगात जातो. इथे खरे जग सोडायचे नसते. त्याच रस्त्यावर, त्याच घरावर, त्याच चेहऱ्यावर दुसरा थर चढतो. म्हणून त्याचे सामाजिक परिणामही त्याच रस्त्यावर, त्याच घरात आणि त्याच चेहऱ्यावर होतात.

या थराचा इतिहास बघताना मी एकच प्रश्न हाताशी ठेवला आहे. हा थर कोण चढवतो, तो कुणाला दिसतो, आणि ज्याच्या जागेवर किंवा ज्याच्या अंगावर तो चढतो त्याला कुणी विचारले होते का?

डोळ्याला जे दिसते ते सगळे बाहेरून येत नाही, ही गोष्ट फार जुनी आहे. बसरा शहरात सन ९६५च्या सुमारास जन्मलेला आणि पुढे कैरोत स्थायिक झालेला इब्न अल-हैसम हा दृष्टीचा मोठा अभ्यासक. त्याच्या आधी अनेक ग्रीक विद्वान मानत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. इब्न अल-हैसमने हे नाकारले. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, असे त्याने मांडले. पण त्याचे म्हणणे इथे संपत नाही. आलेल्या प्रकाशावर मन काम करते, जुन्या ओळखीशी ताडून बघते, अंदाज बांधते, निर्णय देते, आणि मग आपण म्हणतो की ‘मला दिसले’. त्याच्या ‘किताब अल-मनाजिर’ या सात भागांच्या ग्रंथातला तिसरा भाग नजरेच्या चुकांबद्दल आहे. पुढे या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातल्या विद्वानांनी ते शतकानुशतके वाचले. इब्न अल-हैसमबद्दल असेही सांगितले जाते की खलिफा अल-हाकिमच्या रोषातून सुटण्यासाठी त्याने वेड्याचे सोंग घेतले आणि १०२१मध्ये खलिफाचा मृत्यू होईपर्यंत तो आपल्या घरात नजरबंद होता. नजरेच्या फसवणुकीवर लिहिणारा माणूस स्वतः नजरकैदेत! ही कथा किती खरी ते इतिहासकार बघतील. पण त्याने सांगितलेली मुख्य गोष्ट आज फार कामाची आहे. दिसण्यात निम्मा वाटा मनाच्या निवाड्याचा असतो. त्यामुळे मनाला पुरवली जाणारी खूण ज्याच्या हातात, त्याच्या हातात आपले दिसणे असते.

हे ओळखून धंदा करणारे लोक संगणकाच्या खूप आधी आले. २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत दाखवले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची होती. रंगमंचावर तिरकी काच लावायची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात नट उभा करून त्याच्यावर झगझगीत उजेड पाडायचा, की त्याचे प्रतिबिंब काचेवर उमटते आणि खऱ्या नटाशेजारी पारदर्शक भूत उभे राहते. खऱ्यावर खोट्याचा थर चढवण्याची ही पद्धत अजून निवृत्त झालेली नाही. आपल्याकडे २०१२च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत आणि २०१४च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदी यांच्या ज्या ‘थ्रीडी’ सभा झाल्या, त्यांच्या मुळाशी हीच युक्ती होती. काचेच्या जागी पातळ पारदर्शक पडदा आला होता एवढेच.

महाराष्ट्रातही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे पडदा आणि सोबत निवेदन. लोक तिकीट काढून जात आणि पौराणिक कथा पडद्यावर हलताना बघत.

मदाऱ्याचा खेळ, पेपरचे भूत, कल्याणची खरोलिका, अगदी निवडणुकीची सभा, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सगळे प्रेक्षक एका जागी बसून एकच भ्रम बघत होते. शेजारी बसलेल्याला कोपराने ढोसून ‘हे बघ’ म्हणता येत होते. खेळ संपला की बाहेर येऊन त्यावर वादही घालता येत होता. भ्रम होता, पण तो सार्वजनिक होता.

१९६८मध्ये हे बदलले. अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा एक पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. म्हणून त्याला ‘डॅमोक्लिसची तलवार’ असे नाव पडले. घालणाऱ्याला खोलीच्या हवेत रेषांनी काढलेली साधी आकृती तरंगताना दिसे. डोके हलवले की ती आकृती त्या हिशेबाने फिरे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र काहीच दिसत नसे. त्याला दिसे फक्त हवेत टक लावून बघणारा एक माणूस.

‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव आले १९९०च्या सुमारास, विमाने बनवणाऱ्या बोइंग कंपनीत. तिथल्या कामगारांना मोठ्या फळ्यांवर तारांच्या जुड्या बांधाव्या लागत. कुठली तार कुठून कुठे न्यायची ते नकाशात बघत बसावे लागे. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी सुचवले की कामगाराला असा चष्मा द्यावा ज्यातून फळीवरच तारेचा मार्ग दिसेल. म्हणजे सुरुवात कामाच्या सोयीसाठी झाली. थर चढवणारा, बघणारा आणि ज्यावर चढवायचा ती फळी, सगळे एकाच कारखान्यात. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न कारखान्याबाहेर रस्त्यावर आला तो जुलै २०१६मध्ये. नायँटिक या अमेरिकन कंपनीने ‘पोकेमॉन गो’ हा खेळ आणला. मोबाइल हातात घेऊन चालायचे, ठरावीक ठिकाणी पोहोचले की कॅमेऱ्यातून समोरच्या फुटपाथवर एक कार्टून प्राणी उड्या मारताना दिसतो, त्याला पकडायचे. काही महिन्यांत हा खेळ जगभर ५० कोटींहून जास्त वेळा उतरवून घेतला गेला. त्याचा चांगला परिणामही झाला. घरात बसणारी मुले बाहेर पडली, अनोळखी लोक बागेत एकमेकांशी बोलू लागले. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासात दिसले की पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांची रोजची चाल सरासरी ९५५ पावलांनी वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत मात्र ती पूर्ववत झाली.

पावलांचा हा उत्साह ओसरला, पण जागांचे प्रश्न मागे राहिले. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात लोक मोबाइल रोखून प्राणी पकडू लागले. संग्रहालयाला सांगावे लागले की ही जागा खेळण्याची नाही. पोलंडमधल्या ऑशविट्झ स्मारकालाही खेळातून वगळण्याची मागणी करावी लागली. हिरोशिमा शहराने ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनाआधी शांती उद्यानातले थांबे काढून टाकायला लावले. बोस्नियात १९९२ ते १९९५च्या युद्धातले भूसुरुंग अजून जमिनीत आहेत. सुरुंगग्रस्तांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेला इशारा द्यावा लागला की प्राण्यामागे धावताना धोक्याच्या पाट्या ओलांडू नका.

सीरियातून आलेले उत्तर सर्वांत बोचरे होते. तिथल्या विरोधी गटाच्या माध्यम कार्यालयाने लहान मुलांचे फोटो प्रसिद्ध केले. मुलांच्या हातात पोकेमॉनचे चित्र आणि खाली मजकूर, मी अमुक गावात आहे, मला येऊन सोडवा, अशा अर्थाचा. अलेप्पोच्या खालिद अकील या छायाचित्रकाराने उद्ध्वस्त रस्त्यांच्या फोटोंवर हे कार्टून प्राणी बसवले. म्हणजे कंपनीचेच तंत्र त्याने उलटे फिरवले. जग आपल्या गल्लीबोळांत काल्पनिक प्राणी शोधत होते. अलेप्पोतली खरी मुले त्याच मोबाइलवर कुणाला दिसत नव्हती.

न्यू जर्सी राज्यातल्या एका घरमालकाच्या दारात अनोळखी लोक येऊन अंगणातला प्राणी पकडू द्या म्हणू लागले. तो न्यायालयात गेला, त्याच्यासारखे इतरही आले. २०१९मध्ये तडजोड झाली आणि तक्रार करणाऱ्या घरमालकाच्या जागेपासून ४० मीटरच्या आतले थांबे हटवण्याची सोय कंपनीने मान्य केली. म्हणजे दाद मिळू शकते. पण कुणाला? ज्याच्या नावावर घर आहे, ज्याला वकील परवडतो, आणि मुख्य म्हणजे आपल्या दारावर काही चढवले आहे हे ज्याला कळते, त्याला.

मुस्लिम देशांत या खेळावर जी चर्चा झाली ती मला वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. सौदी अरेबियात २००१मध्येच पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळाविरुद्ध फतवा निघाला होता. जुगाराशी साम्य आणि पत्त्यांवरची परधर्मीय वाटणारी चिन्हे, असे त्यातले आक्षेप होते. २०१६मध्ये तो पुन्हा फिरू लागला. पुढे सरकारकडून खुलासा आला की नवा फतवा काढलेला नाही. इराणने ऑगस्ट २०१६मध्ये सुरक्षेच्या कारणाने खेळावर बंदी घातली. आपल्याकडे सप्टेंबर २०१६मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिका आली, की या खेळात मंदिरांच्या जागी अंडी दाखवली जातात आणि त्यामुळे हिंदू आणि जैन भाविकांच्या भावना दुखावतात.

रियाधचा आलिम आणि अहमदाबादचा याचिकाकर्ता यांचे इतर कशावर एकमत होईल असे वाटत नाही. इथे मात्र दोघांना एकच गोष्ट टोचली. आमच्या पवित्र जागेवर, आमच्या मुलांच्या मनावर कुणी परक्याने चित्र चिकटवले. ही टोच खरी होती. पण दोघांनी चित्रावर बोट ठेवले, चिकटवणाऱ्या हातावर ठेवले नाही. प्राणी हलाल की हराम, अंडे शाकाहारी की मांसाहारी, यात चर्चा अडकली. चिकटवण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न राहून गेला.

त्या हाताचा प्रवास बघा. नायँटिकचे संस्थापक जॉन हँकी यांची आधीची कंपनी कीहोल. तिच्यात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याशी जोडलेल्या गुंतवणूक संस्थेचा पैसा होता. २००४मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि त्यातून गूगल अर्थ उभे राहिले. जपानमध्ये खेळ आला तेव्हा मॅकडोनाल्ड्सची जवळपास ३,००० दुकाने पैसे भरून त्याचे थांबे झाली. भारतात डिसेंबर २०१६मध्ये तो अधिकृतपणे आला तो रिलायन्स जिओच्या भागीदारीत. रिलायन्स डिजिटलची दुकाने त्यात थांबे बनली. नोव्हेंबर २०२४मध्ये नायँटिकने जाहीर केले की खेळाडूंनी कॅमेऱ्याने टिपून पाठवलेल्या जागांच्या दृश्यांतून ते यंत्रांना जग ओळखायला शिकवणारे मॉडेल तयार करत आहेत. आणि मार्च २०२५मध्ये पोकेमॉन गोसह त्यांचा खेळांचा व्यवसाय ३.५ अब्ज डॉलरला विकला गेला. घेणारी कंपनी स्कोपली. ती सॅव्ही गेम्सच्या मालकीची, आणि सॅव्ही गेम्स सौदी सरकारच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या मालकीची. ज्या देशात फतव्याची चर्चा झाली, त्याच देशाच्या तिजोरीत आज हा खेळ आहे. मी हे कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. चित्रावरचा वाद संपला तरी चिकटवण्याच्या हक्काची खरेदी-विक्री चालूच राहते, एवढेच सांगायचे आहे.

आता थर कुठे चढतो याबरोबर कुठे चढत नाही तेही बघू. अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१६मध्ये वॉशिंग्टन शहरातले थांबे मोजले. गोऱ्यांचे बहुमत असलेल्या वस्त्यांत सरासरी ५५ थांबे, काळ्यांचे बहुमत असलेल्या वस्त्यांत १९. कंपनीत कुणी बसून काळ्या वस्त्या वगळल्या होत्या असे नाही. कारण साधे होते. पोकेमॉन गोचे थांबे नायँटिकच्याच ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळावरून घेतले होते. त्यात खेळाडूंनी आपापल्या भागातल्या लक्षवेधी जागा सुचवल्या होत्या. ते खेळाडू बहुतेक तंत्रज्ञानात रमणारे, हातात वेळ आणि महागडा फोन असलेले तरुण. त्यांनी आपल्या घराजवळचे पुतळे, चर्च, भित्तिचित्रे नोंदवली. जिथे ते राहत नव्हते, जात नव्हते, तिथे बघण्यासारखे काही नाही असे यंत्राने मानले. याच काळात ओमारी अकिल या काळ्या तरुणाने एक लेख लिहिला. मोबाइल बघत इकडेतिकडे रेंगाळणारा गोरा मुलगा खेळाडू वाटतो, आपण तसेच रेंगाळलो तर लोक संशयाने बघतील आणि ते जिवावर बेतू शकते, हे लक्षात आल्यावर त्याने खेळ सोडला. एकच फुटपाथ, एकच खेळ. पण बघणाऱ्यांच्या मनात त्याच्यावर आधीच चढलेला थर कुठल्याही ॲपपेक्षा जुना होता.

हे वाचताना मराठी मुस्लिम वाचकाला आपला मोहल्ला आठवल्याशिवाय राहणार नाही. रिक्षावाला नाव ऐकून ‘तिकडे नाही जात’ म्हणतो, भाड्याने घर बघायला गेलेल्या जोडप्याला आडनाव विचारले जाते, हे थर आपण ओळखतो. उद्या नव्या शहरात उतरलेला माणूस रस्त्याकडे चष्म्यातून बघेल, आणि एका गल्लीवर खानावळी, वाचनालये, जुनी वास्तू यांच्या खुणा उमटतील, दुसऱ्या गल्लीवर काहीच उमटणार नाही किंवा ‘इकडून जाऊ नका’ एवढेच उमटेल. ती खूण त्या गल्लीत राहणाऱ्याला दिसणारही नाही. ती कुणी लावली हेही त्याला कळणार नाही.

या मुद्द्यासाठी मला अकोला जिल्ह्यातल्या पातूरचे उदाहरण फार मोलाचे वाटते. पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होते. परिषदेचे म्हणणे होते की १९५६पासून उर्दूचा वापर चालत आला आहे. एका माजी सदस्यांनी हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने निकाल दिला की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच भूमीत जन्मलेली भाषा आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

उर्दू-मराठीची शिक्षिका म्हणून मला या निकालाचा आनंद झाला हे वेगळे सांगायला नको. पण इथे मुद्दा दुसरा आहे. पातूरची पाटी सगळ्यांना दिसत होती. ज्यांना ती आवडत होती त्यांना, ज्यांना खटकत होती त्यांनाही. म्हणून त्यावर अर्ज झाला, ठराव झाला, युक्तिवाद झाला, निकाल लागला. दोन्ही बाजूंना एकाच पाटीकडे बोट दाखवता आले. लोकशाहीचे बरेचसे काम अशा पाट्यांवर चालते. आता कल्पना करा की ती पाटी एखाद्या कंपनीच्या चष्म्यात आहे. ज्याला उर्दू नको त्याच्या चष्म्यात उर्दू पुसलेली, ज्याला मराठी नको त्याच्या चष्म्यात मराठी पुसलेली. दोघेही खूश होतील, भांडण मिटेल. पण एकमेकांसोबत राहण्याचा जो काही सराव पातूरच्या त्या भिंतीसमोर होत होता, तोही मिटेल. मला ते भांडण जास्त आवडते.

जागेवरून चेहऱ्याकडे येऊ. बहुतेकांना ऑगमेंटेड रिॲलिटी भेटते ती फिल्टरच्या रूपात. सप्टेंबर २०१५मध्ये स्नॅपचॅटने लुक्सरी या कंपनीचे तंत्र घेऊन चेहऱ्यावर हलणारे मुखवटे चढवायला सुरुवात केली. कुत्र्याचे कान, फुलांचा मुकुट, सगळे गमतीचे. पण कानांसोबत त्वचा गुळगुळीत होत होती, नाक बारीक होत होते, डोळे मोठे होत होते. २० एप्रिल २०१६ला बॉब मार्लेच्या नावाने चेहरा काळा करणारा फिल्टर आला आणि कृष्णवर्णीयांची टिंगल म्हणून त्यावर टीका झाली. एप्रिल २०१७मध्ये फेसॲपचा ‘आकर्षक’ बनवणारा फिल्टर सावळ्या चेहऱ्यांना सरळ गोरे करतो हे उघड झाले. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि यंत्राला शिकवताना वापरलेल्या फोटोंमुळे असे झाल्याचे सांगितले. २०१८मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की पूर्वी लोक नटनट्यांचे फोटो घेऊन शस्त्रक्रिया मागायला येत, आता स्वतःचाच फिल्टर लावलेला फोटो घेऊन येतात.

आपल्या घरांत हा प्रश्न रिश्त्याच्या फोटोपाशी येतो. बायोडाटासोबत जाणारा फोटो पूर्वी स्टुडिओत काढला जाई. तिथेही ‘टचिंग’ होई, पण ते करणारा गावातला फोटोग्राफर असे आणि फोटो हातात घेऊन खाला हसून म्हणे, मुलगी एवढी गोरी कुठे आहे? आता मुलीच्या फोनमधला कॅमेराच तिला विचारल्याशिवाय गोरी करतो. काही फोनमध्ये ही सोय मुळातच चालू असते. मुलगी रोज पडद्यात एक चेहरा बघते आणि बेसिनवरच्या आरशात दुसरा. आठवी-नववीच्या मुलींना मी आरशाचे वाक्प्रचार शिकवते तेव्हा त्या सांगतात, ‘मॅडम, आईना झूठ बोलता है, फोन में मैं अच्छी दिखती हूँ.’ वर्ग हसतो. मीही हसते. पण आरसा खोटा ठरवायला निघालेल्या मुलीला काय शिकवायचे याचा विचार घरी येऊनही जात नाही. पातूरची पाटी निदान भिंतीवर होती. ही पाटी तिच्या स्वतःच्या तोंडावर लावलेली आहे, आणि लावणारा तिला माहीत नाही.

शेवटचा थर चष्म्याचा. गूगलने २०१३पासून ‘ग्लास’ नावाचा चष्मा १,५०० डॉलरला निवडक लोकांना विकला. लोकांचा राग चित्रावर नव्हता, कॅमेऱ्यावर होता. समोरचा माणूस आपल्याला नुसते बघतोय की टिपतोय, हे कळेना. काही हॉटेलांनी आणि बारनी चष्मेवाल्यांना बंदी केली. जानेवारी २०१५मध्ये ती विक्री थांबली. दहा वर्षांनी कॅमेऱ्याचे चष्मे परत आले आहेत, साध्या गॉगलसारखे दिसणारे. मेटा आणि रेबॅनचा असा चष्मा मे २०२५मध्ये भारतातही विक्रीला आला. ऑक्टोबर २०२४मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की अशा चष्म्यातून दिसणारा चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडला तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे नाव, पत्ता काही क्षणांत काढता येतो. त्यांनी ते विकले नाही, धोका दाखवण्यासाठी केले.

नजर कुठे ठेवावी याची तालीम आपल्याकडे फार जुनी आहे. परद्याची चर्चा झाली की सगळे बाईच्या कपड्यांवर बोलतात. पण नजर खाली ठेवण्याचा आदेश कुरआनात पुरुषांना आधी आहे आणि स्त्रियांना नंतर, हे विसरले जाते. बघणाऱ्यावरही जबाबदारी आहे, असा त्याचा साधा अर्थ मी घेते. मराठीतही परक्याच्या घरात डोकावू नये असे आपण मुलांना सांगतोच. चष्मा बनवणाऱ्यांनी ही जबाबदारी उलटी केली आहे. ते म्हणतात, टिपत असताना छोटा दिवा लागतो, समोरच्याने तो बघावा. म्हणजे लपण्याचे काम पुन्हा ज्याच्याकडे बघितले जाते त्याच्यावरच.

हे तंत्र टाकून द्या असे मी म्हणत नाही. डिसेंबर २०१०मध्ये ‘वर्ड लेन्स’ नावाचे ॲप आले. स्पॅनिश पाटीसमोर फोन धरला की पाटीवरच इंग्रजी अक्षरे उमटत. पुढे गूगलने ते आपल्या भाषांतरात घेतले. परमुलखात गेलेल्या मजुराला हे किती उपयोगी आहे ते भाषा शिकवणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. यात मूळ पाटी पुसली जात नाही, ती आणखी एकाला वाचता येते. थर चांगला की वाईट याची माझी परीक्षा हीच आहे. त्याने आपल्यातल्या सामाईक पाटीचे वाचक वाढले की पाटी खाजगी झाली?

आमच्या मोहल्ल्यात मी नववीच्या मुलांना एक काम दिले. मोबाइलच्या नकाशात आपल्या गल्ल्या बघा आणि काय सुटले आहे ते लिहून आणा. मुले दोन दिवस फिरली. जुनी बारव, कव्वालांची चौकी, एका हकीमसाहेबांचा बंद पडलेला दवाखाना, बिडी कामगारांचे वाचनालय, गणपती आणि ताजिया दोन्ही जिथे थांबतात तो चौक, अशी ४३ ठिकाणे निघाली. नकाशात त्यातली ६ होती. आता प्रत्येक ठिकाणाची दोन ओळींची माहिती मुले मराठीत आणि उर्दूत लिहीत आहेत. चौकातल्या पानवाल्याने हरकत घेतली की चौकाचे नाव मुलांनी चुकीचे लिहिले, खरे नाव वेगळे आहे. त्यावर गल्लीतली चार वडीलधारी माणसे वाद घालत आहेत. तो मिटेपर्यंत त्या चौकाची नोंद कोरी ठेवायची, असे वर्गाने ठरवले आहे.